१६ मोठे की ८?

१६ मोठे की ८? पहिलीतले मूलही याचे उत्तर देईल. संगणक मात्र येथे फसू शकतो. तो का फसतो, ते पाहू.

अलिबाग, उरण, मुरुड, श्रीवर्धन ही नावे शब्दकोशाच्या क्रमाने लावताना आपण डावीकडून एकेक अक्षर पाहतो. ‘१६’ आणि ‘८’ हे आकडे संख्या म्हणून न देता मजकूर म्हणून दिले, तर संगणकही तेच करतो. १ हा अंक ८ च्या आधी येतो, म्हणून १६ लहान!

शेकडो सर्व्हरांची मांडणी हाताने करणे अशक्य असते. त्यासाठी २००५ मधील ‘पपेट’सारखे प्रोग्राम वापरतात. पपेटचा जोडीदार ‘फॅक्टर’ प्रत्येक यंत्राची माहिती गोळा करतो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत स्मृतीचा आकडा ‘१५.५१ जीबी’ असा मजकुरातही मिळे. आता नियम असा समजा: स्मृती ८ पेक्षा जास्त असेल, तर तिचा चौथा हिस्सा माहितीसाठ्याला द्यावा. मजकुराची तुलना केली, तर १५.५१ चे मोठे यंत्र लहान ठरेल. बरे, अक्षरे छाटून नुसता आकडा घेतला तर? ‘५१२ एमबी’चे छोटे यंत्र ५१२ म्हणून मोठे ठरेल. त्याला १२८ जीबी बाजूला काढण्याचा हुकूम सुटेल आणि त्यावरची सेवा सुरूच होणार नाही.

एककाचे हे महत्त्व वेधशाळांना जुनेच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय मापने बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मापने घेतली गेली, म्हणूनच जुनी व नवी नोंद जोडता आली. चुंबकीय क्षेत्राचे ०.४ गॉस म्हणजेच ४०,००० गॅमा, आणि तेच ४०,००० नॅनोटेस्ला. एकक गाळले, तर ०.४ आणि ४०,००० एकच आहेत हे कोण ओळखेल?

उपाय सोपा आहे. सर्व मापे एकाच लहान एककात, म्हणजे बाइटमध्ये, पूर्ण संख्येने ठेवावीत. तुलना व भागाकार तेथेच करावा. ‘जीबी’ फक्त माणसाला दाखवताना लिहावे. फॅक्टर आता स्मृती बाइटमध्येही देतो. एक सावधगिरी मात्र हवी. काही ठिकाणी जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट, तर काही ठिकाणी १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४. हा फरक सात टक्क्यांहून अधिक आहे. गोंधळ टाळण्यासाठी १९९८ मध्ये दुसऱ्या मापाला ‘गिबिबाइट’ हे वेगळे नाव दिले गेले.

करून पाहा: २ जीबी, ५१२ एमबी, १६ जीबी, १.५ जीबी अशा चार चिठ्ठ्या करा. त्या आधी शब्दकोशाच्या क्रमाने लावा, मग बाइट काढून लावा. किती चिठ्ठ्यांनी जागा बदलली?