जनपदोद्ध्वंस आणि उपग्रहाची दृष्टी

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीलगतचे श्वास-कासाचे रुग्ण तपासताना आम्ही प्रकृती, आहार व विहार विचारतो. हवेचा विचार क्वचितच करतो. वस्तुतः चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, भिन्न प्रकृतीच्या अनेकांना एकाच वेळी होणाऱ्या व्याधींची वायू, उदक, देश व काल ही चार समान कारणे सांगितली आहेत. त्यांत वायू प्रथम येतो.

हा वायू आज आकाशातूनही मोजला जातो. २०१७ साली सोडलेला युरोपीय ‘सेंटिनेल-५पी’ उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो व हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांची नोंद घेतो. ही माहिती विनामूल्य मिळते. परंतु हे मापन जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण वायुस्तंभाचे असते, शिवाय पावसाळी ढग त्याच्या आड येतात. म्हणून जमिनीवरील नोंदीची जोड आवश्यक ठरते.

ती जोड आपणच देऊ शकतो. वैद्यांनी अशा प्रत्येक रुग्णाची तारीख, गाव व कामाचे ठिकाण लिहून ठेवावे. औषधविक्रेत्यांनी कासाच्या औषधांची रोजची विक्री टिपावी. सितोपलादि देऊन रुग्णास पुन्हा त्याच हवेत पाठविले, तर निदानपरिवर्जन राहूनच जाते.