छापील सूचनांपलीकडचे कामकाज

एखाद्या संस्थेत काम प्रत्यक्षात कसे होते याचा शोध तिच्या नियमपुस्तिकांतून घेऊ पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा अर्धेच चित्र पडते, कारण अडलेले काम पुढे नेणारे ज्ञान शेजारच्या टेबलावर विचारलेल्या प्रश्नात, जेवणाच्या सुट्टीत निघालेल्या विषयात आणि एखाद्या जाणत्याने सहज केलेल्या सूचनेत वावरत असते. एकाच प्रकारचे काम करणारी आणि त्यातल्या अडचणी मिळून सोडवता सोडवता सामायिक रीती, शब्द व युक्त्या घडवणारी जी मंडळी आपसूक तयार होते, तिला अभ्यासक ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हणतात. मराठीत तिला कार्यसमुदाय म्हणता येईल. पदरचनेच्या तक्त्यावर हा समुदाय दिसत नाही, त्याला प्रमुख नेमलेला नसतो आणि त्याच्या सीमा विभागांच्या सीमांशी जुळतातच असेही नाही.

ही संज्ञा मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह आणि संशोधक एटिएन वेंगर यांच्या १९९१ सालच्या ‘सिच्युएटेड लर्निंग’ या छोटेखानी पुस्तकामुळे रूढ झाली. लेव्ह यांनी लायबेरियातील वाई आणि गोला समाजांच्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्यांचा अभ्यास केला होता आणि तिथले शिक्षण कपडा तयार होण्याच्या क्रमाच्या नेमके उलट चालते, असे त्यांना आढळले होते. नवशिका आधी बटणे लावतो आणि कडा दुमडून शिवतो, मग शिवणकामाकडे वळतो आणि कापड बेतण्याचे काम त्याच्या हाती सर्वांत शेवटी येते. यातला व्यवहार उघड आहे, कारण चुकीचे लागलेले बटण काढून पुन्हा लावता येते, बेतताना चाललेली कात्री मात्र मागे घेता येत नाही. शिवाय तयार कपडा रोज हाताळल्यामुळे त्याचे तुकडे असे का कापायचे, हे नवशिक्याला बेतायला बसण्यापूर्वीच उमगलेले असते. कामाच्या कडेला राहून, पण खऱ्याच कामात हक्काने भाग घेत शिकण्याच्या या रीतीला लेव्ह आणि वेंगर यांनी ‘परिघावरचा वैध सहभाग’ अशा अर्थाचे नाव दिले.

आधुनिक कंपनीच्या संदर्भात याचा सर्वांत बोलका दाखला झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा आहे. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात या तंत्रज्ञांसोबत ग्राहकांकडे जाऊन, त्यांच्याबरोबर न्याहारीला आणि जेवणाला बसून त्यांच्या कामाचे निरीक्षण केले. त्यावरचे ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. यंत्राने अमुक दोषसंकेत दाखवला तर तमुक चाचणी घ्यावी आणि तिच्या निकालानुसार ठरावीक भाग बदलावा, अशी पायरीपायरीने आदेश देणारी पुस्तिका कंपनीने तंत्रज्ञांच्या हाती ठेवली होती, पण जुनी झालेली, निरनिराळ्या हवेत आणि निरनिराळ्या हातांनी वापरली जाणारी यंत्रे पुस्तिकेप्रमाणे बिघडत नसत. ऑर यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात दोषसंकेत आणि चाचण्यांचे निकाल यांचा मेळच बसेना, मदतीला बोलावलेला वरिष्ठ तज्ज्ञही निरुत्तर झाला आणि यंत्रच बदलून देणे एवढा एकच अधिकृत मार्ग उरला, ज्यात कंपनीचा पैसा आणि ग्राहकासमोर तंत्रज्ञाची पत, दोन्ही जाणार होते. तेव्हा दोघे यंत्रापुढे ठाण मांडून बसले, पूर्वी पाहिलेल्या आणि इतरांकडून ऐकलेल्या बिघाडांच्या हकिकती एकमेकांना सांगू लागले, प्रत्येक हकिकतीतून सुचलेली चाचणी घेऊ लागले आणि दीर्घ खटपटीनंतर सगळ्या लक्षणांचा उलगडा करणारे कारण त्यांना सापडले. ही नवी हकिकतही पुढे तंत्रज्ञांच्या बैठकीत सांगितली गेली. कामाच्या वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थापकाला ज्या गप्पा वाटल्या असत्या, तेच या धंद्यातले निदान होते.

या निरीक्षणातून कंपनीने घेतलेला धडा दुर्मीळच म्हणावा लागेल. १९९०च्या दशकात फ्रान्समधील तंत्रज्ञांपासून सुरुवात करून ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभारण्यात आली, जिच्यात पुस्तिकेत नसलेला एखादा उपाय सापडलेला तंत्रज्ञ तो लिहून पाठवी, अनुभवी सहकारी तो तपासून पाहत आणि खरा ठरल्यावरच तो सर्वांसाठी खुला होई. उपाय पाठवणाऱ्यास रोख बक्षीस द्यावे, हा विचार तंत्रज्ञांना पटला नाही; त्यांना हवे होते ते उपायाखाली स्वतःचे नाव. ही निवड हिशेबी शहाणपणाची होती, कारण पैसे ठेवले असते तर उपायांची संख्या फुगली असती, तर नावामुळे जबाबदारी आली आणि जाणकारांच्या नजरेत पतही मिळाली. एका मेळाव्यात विशेष उपयुक्त उपाय देणाऱ्या तंत्रज्ञासाठी सहकाऱ्यांनी उत्स्फूर्तपणे उभे राहून टाळ्या वाजवल्या, असे या प्रकल्पाशी संबंधित संशोधकांनी लिहिले आहे.

पुष्कळ संस्था मात्र युरेकाचे संगणकीय अंग तेवढे उचलतात आणि कर्मचाऱ्यांनी दरमहा अमुक इतके ‘ज्ञान’ जमा करावे असे फर्मान काढतात, ज्याची परिणती कोणी न वाचणाऱ्या फायलींच्या ढिगात होते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने ‘अव्यक्त ज्ञान’ ही कल्पना मांडताना दाखवून दिल्याप्रमाणे माणसाला सांगता येते त्याहून अधिक कळत असते, आणि हे अधिकचे ज्ञान तक्त्यात भरून घेता येत नाही. ते सोबत काम करतानाच दुसऱ्याकडे जाते. त्यामुळे व्यवस्थापनाला फार तर भेटण्यासाठी वेळ, थोडा प्रवासखर्च आणि लक्ष ठेवण्याचा मोह आवरण्याइतका संयम पुरवता येतो.

तथापि कार्यसमुदायाचे गोडवे गाताना त्याची मर्यादा झाकणे योग्य नव्हे, आणि ती वेंगर यांनीच १९९८ सालच्या आपल्या पुस्तकात आरोग्यविम्याचे दावे निकाली काढणाऱ्या अमेरिकी कारकुनांच्या उदाहरणातून दाखवली आहे. एका रुग्णाला दोन विमा योजनांचा आधार असेल तेव्हा कोणत्या योजनेने किती रक्कम द्यायची, हे काढण्यासाठी या कारकुनांना एक छापील तक्ता दिलेला होता, ज्यातील ओळींच्या अक्षरांवरून त्यांनी त्या आकडेमोडीला ‘सी, एफ आणि जे’ असे आपसांतले नावही पाडले होते. तक्ता कसा भरायचा हे ते एकमेकांना सफाईने शिकवत, पण ती आकडेमोड तशीच का करायची हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ती पद्धत ठरवणारे लोक त्यांच्या समुदायाबाहेरचे होते. कारकुनांनी हे अज्ञान सोयीस्करपणे अंगवळणी पाडून घेतले होते. अपेक्षेपेक्षा कमी पैसे मिळालेल्या ग्राहकाचा संतप्त दूरध्वनी आला की त्याला द्यायला मात्र त्यांच्याकडे उत्तर नसे.