दुखरा पाय उजवा, काठी डावीकडे

उजवा खुबा दुखू लागला की माणूस काठी उजव्या हातात घेतो. दुखतं तिथेच आधार द्यावा, हे कुणालाही पटेल. पण काठी डाव्या हातात असायला हवी, आणि त्यामागचं कारण भिलाईतल्या माणसांना तरी चटकन कळावं. भिलाई-3च्या रेल्वे यार्डात, किंवा 1959 साली पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या पोलाद कारखान्यात ज्यांची हयात गेली, त्यांचा व्यवहारच क्रेन, पहारी आणि भार यांच्याशी होता. नागपूर-विदर्भाकडून इकडे आलेल्या मराठी कुटुंबांतली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. गुडघे आणि खुबे बोलू लागले आहेत.

खुब्याचा सांधा ही एक तरफच आहे. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. समजा वजन 60 किलो. टेकलेला पाय वगळला तर उरलेल्या शरीराचे सुमारे 50 किलो त्या एका खुब्याला पेलायचे असतात. हा भार सांध्याच्या थेट वर नसतो, साधारण 10 सेंटिमीटर आतल्या बाजूला असतो. त्यामुळे कंबर दुसरीकडे कलंडू पाहते. तिला धरून ठेवतात ते खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू, आणि त्यांच्या वाट्याला तरफेची भुजा येते जेमतेम 5 सेंटिमीटरची. भुजा निम्मी म्हणून जोर दुप्पट लागतो: 100 किलो. शरीराचा भार आणि स्नायूंची ओढ मिळून सांध्यावर 150 किलो पडतात. साठ किलोच्या माणसाच्या!

आता काठी विरुद्ध हातात द्या. ती सांध्यापासून बरीच लांब टेकते, 35 सेंटिमीटर धरू. तिच्यावर फक्त 8 किलो भार दिला, तरी लांब भुजेमुळे स्नायूंचं काम 100 वरून 44 किलोवर येतं आणि सांध्यावरचा भार 86 किलोवर. काठी दुखऱ्या बाजूलाच धरली तर ही तरफ साथ देत नाही. धड काठीवर झुकवावं लागतं आणि चाल आणखी वाकडी होते.

हे ढोबळ, कागदावरचं गणित आहे. बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्यांच्या आतच मोजमापाची यंत्रणा बसवली आणि रुग्ण चालत असताना सांध्यावरचा खरा भार नोंदवला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार साध्या चालण्यात हा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.4 पट होतो. काठीने प्रत्यक्षात होणारी घट कागदाइतकी मोठी भरत नाही. काठी नुसती जमिनीला लावत चाललं तर फरक पडणार कसा? तिच्यावर भार द्यावा लागतो, आणि तोही दुखरं पाऊल पडतं त्याच क्षणी.

हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. गुडघ्याची झीज झालेल्या 64 रुग्णांवर ब्राझीलमध्ये एक अभ्यास झाला, तो 2012 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना काठी दिली, निम्म्यांना नाही. दोन महिन्यांनी काठीवाल्यांचं दुखणं कमी झालं होतं, हालचाल सुधारली होती. मात्र पहिल्या महिन्यात काठीने चालायला त्यांना जास्त शक्ती खर्च करावी लागली. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस हा जादा खर्च उरला नाही. आठवडाभर वापरून “मला नाही जमत” म्हणत काठी दाराआड ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा निष्कर्ष वाचून दाखवावा असं मला फार वाटतं.

काठीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी 1994 साली दाखवून दिलं की उभ्या माणसाने बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला नुसतं लावलं, तरी त्याचं डोलणं कमी होतं. हा स्पर्श 100 ग्रॅमपेक्षाही हलका होता. इतक्या स्पर्शाने शरीर पेललं जात नाही. मेंदूला मात्र आपण कुठे कलतो आहोत याची खबर मिळते. पुढच्या प्रयोगांत काठीच्या टोकातून येणारा स्पर्शही असंच काम करताना दिसला. वयाबरोबर तळपायाची जाणीव बोथट होत जाते. अशा वेळी काठी जमिनीची बातमी हातापर्यंत आणते.

“काठीची सवय लागेल, पाय आणखी कमजोर होतील,” ही भीती घराघरांत ऐकू येते. खरा धोका उलट दिशेला आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो चरबीविरहित वस्तुमान घटलं. दहा दिवसांत! दुखण्याच्या किंवा पडण्याच्या भीतीने भाजीला जाणं थांबतं, मग देवळात जाणं, मग शेजारी जाणं. स्नायू तिथे झिजतात. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने 1956 सालीच ‘काठी टाकून देऊ नका’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून काठीची बाजू मांडली होती. तरी आपल्याकडे काठी हातात घेणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं, हा समज हटलेला नाही.

या समजाचा सर्वांत मोठा जाच तरुणांना होतो. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला मुळातच रक्तपुरवठा तुटपुंजा. तो अडला की हाड मरू लागतं, पुढे खचतं, आणि ऐन पंचविशीत-तिशीत खुबा निकामी होऊ लागतो. मेलेलं हाड काठीने जिवंत होत नाही, पण वर मांडलेली तरफ इथेही तशीच चालते आणि दुखणं हलकं होऊ शकतं. पंचविशीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात काठी दिसली की लोक टक लावून पाहतात. हे पाहणं थांबायला हवं. तपासणीसाठी भिलाई-3हून रायपूरच्या रस्त्यावरच टाटीबंधचं एम्स आहे. सांधा कोणत्या अवस्थेत आहे हे तिथले डॉक्टर सांगतील.

काठीने भागत नसेल तर वॉकर. चाकांचा, ब्रेक आणि बैठक असलेला रोलेटर 1978 साली स्वीडनच्या आयना विफाल्क यांनी तयार केला. त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. गुळगुळीत फरशीवर तो उत्तम चालतो. खडी, उघडी नाली आणि फुटलेली डांबरी कड असलेल्या गल्लीत त्याची छोटी चाकं अडतात. तिथे मोठ्या चाकांचा घ्यावा, किंवा तोल बऱ्यापैकी असेल तर चार पायांची काठी. जिन्यावर वॉकर नकोच. कठडा आणि काठी घेऊन चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 साली सुरू झाली. साठी ओलांडलेल्या गरीब ज्येष्ठांना तिच्यातून काठ्या, कुबड्या, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्या मोफत मिळतात. कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी त्या पुरवते. काठी मोफत मिळो वा विकत घ्या, ती मापात बसवून घ्या. रोजच्या चपला-बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी. मग मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीला उंचीसाठी भोकं असतात, खटका दाबून ती एकेक घर वरखाली करता येते. खालचं रबरी बूच उलटं करून पाहा. त्यावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर पावसाळ्याआधी ते बदलून घ्या.