सब्जा : वासाला आणि पोटाला



आपल्याकडे सब्जाची ओळख आधी नाकाला होते. शब्बाथ सरला की हब्दालाच्या वेळी त्याची डहाळी हातोहात फिरते. मलिद्याच्या तबकापाशीही ती असते. 'बोरे इस्बे बेसामीम' म्हणून वास घेतला की मन प्रसन्न होते.

माझा भाचा शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला आहे. १९९५ साली स्थापन झालेली ही समुद्रकाठची औद्योगिक वसाहत. तिथे दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते. यावरून उन्हाची कल्पना यावी. त्याच्या खिडकीत सब्जाची कुंडी आहे. अरबीत त्याला 'रेहान' म्हणतात.

परवा त्याने फोनवर विचारले, "मावशी, सब्जाचं पाणी प्यायलं की ऊन बाधत नाही ना?"

आपल्या आज्या उन्हाळी लागली की भिजवलेले बी खडीसाखर घालून देत. पोटात पाणी जाई, म्हणून बरे वाटे. पण नुसत्या सब्जाने ऊन टळत नाही. सावली, भरपूर पाणी आणि घामावाटे गेलेले मीठ भरून काढणे हाच खरा उपाय. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर अंग गार करावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

आता आपल्या वयाच्या मंडळींसाठी. चमचाभर बी मोठ्या पेल्यातल्या पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा. प्रत्येक दाण्याभोवती पांढुरका बुळबुळीत थर आला की मगच प्या. कोरडे बी कधीही गिळू नका. ते घशातच फुगते आणि श्वास अडकू शकतो. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी ते टाळावेच. बियांतल्या चोथ्याने पोट साफ होते, मात्र दिवसभर पाणीही हवे. मधुमेह असेल तर सरबतातली साखर वगळा.

पानांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पानांची चटणी एकदम वाढवू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. वास घ्यायला मात्र कोणालाच पथ्य नाही!

भाच्याने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मावशी, शनिवारी संध्याकाळी एक डहाळी खुडतोच. वास घेतला की घरी आल्यासारखं वाटतं."