रविवारची साडी

शनिवारची रात्र म्हणजे आमच्या घरात इस्त्रीची रात्र. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी टेबलावर जुनी चादर घडी करून अंथरते आणि एकेक कपडा हाती घेते. ह्यांचा पांढरा शर्ट, सासूबाईंची फिकट जांभळी साडी, मुलांचे कपडे. रविवारी सकाळी साडेआठला उपासना असते ना! आम्ही ख्रिस्ती. राहणार नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे.

मागच्या महिन्यात अशीच इस्त्री चालली होती. लेक कॉलेजात जाणारी. ती म्हणाली, ‘‘आई, माझा ड्रेस राहू दे. मी उद्या जीन्सवरच येणार.’’

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. ‘‘कलेक्टरसाहेबांकडे जायचं असतं तर गेली असतीस का गं अशी?’’

‘‘आजी, कलेक्टर कपडे बघतात. देव मन बघतो. पाळकसाहेबच सांगतात ना!’’

दोघीही माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्या हातात गरम इस्त्री आणि समोर कात्रीत सापडलेली मी! सून म्हणून एक उत्तर, आई म्हणून दुसरं. पण खरं सांगायचं तर ह्याच प्रश्नाने मला गेल्या वर्षी चांगला धडा शिकवला आहे. तो तुम्हाला सांगावा म्हणून आज लिहायला बसले.

तुम्ही म्हणाल, हा तर तुमच्या चर्चमधला प्रश्न. पण मैत्रिणींनो, तो तुमच्या देवळाच्या पायरीवरही उभा आहेच की! २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने तोकड्या कपड्यांत दर्शनाला येऊ नये असा नियम केला, तेव्हा किती घरांत वाद रंगले असतील!

आजीचं म्हणणं

सासूबाईंचा आग्रह निव्वळ जुन्या वळणाचा आहे असं मलाही वाटायचं. मग एकदा त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं आणि पुढे ते आसपासच्या खेड्यापाड्यांत पसरलं. तिथे ख्रिस्ती झालेल्यांत गावकुसाबाहेरची माणसं पुष्कळ होती. ही आजी त्यांतलीच. तिच्याकडे धड लुगडं एकच. शनिवारी दिवस मावळताना ती ते ओढ्यावर धुवायची, रात्रभर जुनेर गुंडाळून बसायची आणि सकाळी स्वच्छ लुगडं नेसून चार मैल चालत उपासनेला जायची. एरवी गावात तिने चांगलं नेसलं तर लोकांच्या डोळ्यांत खुपायचं. आठवड्यातून एक दिवस मात्र ती ताठ मानेने चालायची.

आता सांगा, ह्याला नटणं म्हणायचं का? १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी बायकांपुढे भाषण केलं. लुगडं नेसायची जी पद्धत आणि अंगावरचे जे जड दागिने जातीची खूण सांगतात ते टाका, स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. अंगावरच्या कपड्याला माणसाच्या मानापमानाचा केवढा मोठा धागा असतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. सासूबाईंच्या ‘नीट तयार हो’मागे त्यांच्या आजीचं ते एक लुगडं आहे, हे कळल्यापासून मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आमच्यात पांढऱ्या साडीचंही तसंच. आमच्या नवऱ्यामुली लग्नात पांढरी साडी नेसतात. प्रभुभोजनाच्या रविवारीही पुष्कळ बायका पांढरी किंवा फिकी साडी काढतात. शेजारच्या काकूंना माझ्या लग्नाचा फोटो पाहून आधी धस्सच झालं होतं! त्यांच्याकडे पांढरा रंग वैधव्याचा, आमच्याकडे निर्मळपणाचा. रंग तोच, अर्थ आपण देऊ तो.

नातीचं म्हणणं

पण नातीचीही बाजू लंगडी नाही. तिला संडे स्कूलमध्ये शिकवलेलं सगळं पाठ आहे. शमुवेल संदेष्टा राजा निवडायला इशायाच्या घरी गेला. थोरला मुलगा उंचापुरा, देखणा. शमुवेलाला वाटलं, हाच राजा. पण देवाने त्याला थांबवलं. माणसं वरचं रूप पाहतात, मी अंतःकरण पाहतो, अशा अर्थाचं काही सांगितलं आणि रानात मेंढरं राखणाऱ्या धाकट्या दावीदाला बोलावून घेतलं.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही बायकांसाठी सल्ला आहे. केसांच्या गुंफणी, सोनं, मोती, भारी वस्त्रं ह्यांनी नटू नये, सत्कृत्यांनी नटावं. म्हणजे ही हौस दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच म्हणायची!

शिवाय नियम काही दगडावर कोरलेले नसतात. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं लिहिलेलं होतं. १९८३ साली नवा कायदा आला, त्यात तो नियम उरला नाही. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सासूबाईंच्या वयाच्या बायका अजून डोक्यावरून पदर घेतात, माझ्या वयाच्या निम्म्याशिम्म्या घेतात आणि मुलींच्या ड्रेसला तर पदरच नसतो. प्रार्थना सगळ्यांचीच होते.

आणि साधेपणा म्हणजे गबाळेपणा नव्हे, हे पंडिता रमाबाईंकडे पाहून कळतं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, नंतर त्या अमेरिकेत गेल्या. पण साडी सोडून मडमेचा झगा काही त्यांनी घातला नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही त्या साध्या पांढऱ्या वस्त्रांतच राहिल्या. त्यांचे फोटो पाहा. अंगावर दागिना नाही, पण नजर हटत नाही.

आकाशी साडीची गोष्ट

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने ठरवलं, नोव्हेंबरातल्या महिला रविवारी सगळ्यांनी एकसारखी साडी नेसायची. आकाशी रंग, रुपेरी काठ, किंमत साडेआठशे. मंडळात बेचाळीस बायका. मी खजिनदार, तेव्हा पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे. केवढा उत्साह होता मला!

पंधरा दिवसांत बहुतेक पैसे जमले. चौघी-पाचजणी राहिल्या. दुकानदार घाई करत होता. मग एका रविवारी, उपासना संपल्यावर, मी सरळ माईक हातात घेतला आणि ज्यांचे पैसे यायचे होते त्यांची नावं वाचून दाखवली. त्यांत एका मावशींचं नाव होतं. दोन घरी स्वयंपाकाचं काम करणाऱ्या. नेहमी खिडकीजवळच्या बाकावर बसायच्या. आवाज असा खणखणीत, की भजनाची सुरुवात त्यांनीच करायची असा शिरस्ताच पडला होता.

महिला रविवारी आम्ही एकेचाळीसजणी आकाशी साड्यांत उभ्या राहिलो. फोटो छान आला. मावशी आल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी मोबाइलवर विचारलं, ‘‘बऱ्या आहात ना?’’ त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी समजले, तब्येत असेल.

नाताळच्या आठवड्यात फराळाचं ताट घेऊन त्यांच्या घरी गेले. करंज्या, अनारसे, चकल्या. ‘‘सलाम, मावशी’’ म्हणत आत शिरले. त्या म्हणाल्या, ‘‘सलाम, ये पोरी. गुडघे धरलेत बघ थंडीने, म्हणून येणं होत नाही.’’ चहा ठेवायला मात्र लगबगीने उठल्या. खोलीत दोरीवर एक साडी वाळत होती. मोतिया रंगाची सुती साडी, हिरवे काठ. जुनी, पण काय स्वच्छ!

मी सहज बोलून गेले, ‘‘किती छान आहे हो ही साडी!’’

‘‘छान आहे गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण आकाशी नाही ना.’’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पावसाळ्यात मुलाला अपघात झाला होता, त्याचं कर्ज अजून फिटायचं होतं. साडेआठशे रुपये म्हणजे त्यांचा महिन्याचा किराणा. ‘‘तू माईकवर माझं नाव घेतलंस ना, तेव्हा माझ्या रुमालात वीस रुपये होते. अर्पणाचे. ते मी पेटीत टाकले आणि मागच्या दाराने घरी आले. सगळ्या एका रंगात आणि मी एकटी वेगळी, कशी उभी राहू?’’

चहाचा घोट माझ्या घशाखाली उतरेना. ह्यांना मी महिनाभर आजारी समजत होते. आणि आजार तर मीच दिला होता!

त्या रात्री मी याकोबाचं पत्र उघडलं. दुसऱ्या अध्यायात लिहिलं आहे, तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला, उंची कपड्यांतला माणूस आला आणि मळक्या कपड्यांतला गरीबही आला. तुम्ही पहिल्याला चांगली जागा दिलीत आणि दुसऱ्याला तिकडे उभा राहा म्हणालात, तर तुम्ही भेदभाव केलात. आम्ही कुणाला ‘तिकडे उभी राहा’ म्हटलं नव्हतं. आम्ही फक्त यादी वाचली होती!

हे काही आमच्याच गावात घडलं असं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुष्कळ चर्चमध्ये बाकांना भाडं असे. पैसेवाली कुटुंबं पुढचे बाक आपल्या नावावर करून ठेवत. गरिबांनी कडेच्या, मागच्या फुकट जागेवर बसायचं. १८५१ साली तिथे उपासनेला येणाऱ्यांची गणती झाली. कामकरी वर्ग चर्चपासून दूर का राहतो, ह्याची कारणं देताना अहवाल लिहिणाऱ्या होरेस मान ह्यांनी चर्चमधल्या ह्या उच्चनीच भेदाकडेही बोट दाखवलं. भाड्याचे बाक गेले. पण साडेआठशेची साडी हे भाडं नाही तर काय?

मग करावं काय?

जानेवारीच्या बैठकीत मी सगळी हकिकत मंडळापुढे मांडली. मावशींचं नाव न घेता. आधी कुरकुर झाली. ‘‘वर्षातून एकदाच तर नेसायची!’’ ‘‘फोटो किती छान येतो!’’ मग मागे बसलेली एक सून हळूच म्हणाली, ‘‘मी दिराकडून उसने घेऊन पैसे भरले होते.’’ त्यानंतर कुणी काही बोललं नाही. ठराव झाला: एकसारखी साडी बंद. ज्या दिवशी शोभा हवी त्या दिवशी कपाटात असेल ती पांढरी किंवा फिकी साडी नेसावी.

ह्या अनुभवातून आमच्या घरात आणि मंडळात जे ठरलं ते तुमच्याही उपयोगी पडेल. चर्च असो, देऊळ असो, की सोसायटीतलं हळदीकुंकू.

• रविवारसाठी एक साडी वेगळी ठेवावी. भारीच हवी असं नाही. सुती असेल तर शनिवारी हलकी खळ देऊन इस्त्री केली की जुनी साडीही नवी दिसते.

• मुलांना कपडे स्वच्छ, अंगभर आणि इस्त्रीचे हवेत एवढंच सांगावं. जीन्स की ड्रेस, हा वाद दारातच सोडावा. रुसून घरी बसलेल्या मुलीपेक्षा जीन्समध्ये आलेली मुलगी बरी.

• खळखळणाऱ्या बांगड्या, झगमगीत दागिने आणि उग्र सेंट लग्नाच्या हॉलसाठी राहू द्यावेत. शेजारणीचं लक्ष प्रार्थनेत हवं, आपल्या पाटल्यांवर नको.

• कुणाला साडी द्यायची तर आपण आनंदाने नेसू अशीच द्यावी आणि सणाच्या आधी, घरी जाऊन द्यावी. विटकी, विरलेली साडी देऊ नये आणि चारचौघांत तर मुळीच नको.

• वर्गणीची यादी माईकवर कधीही वाचू नये. हे मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

• दारात भेटल्यावर आधी ‘‘कशा आहात?’’ विचारावं. ‘‘नवीन वाटतं!’’ किंवा ‘‘हीच का परत?’’ हे दोन्ही टाळावं.

मावशी ईस्टरला आल्या, मोतिया साडी नेसून. मी त्यांचे हात धरले, त्यांनीही धरले. पण आता त्या मागच्या बाकावर, दाराजवळ बसतात. खिडकीजवळची जागा रिकामीच असते आणि भजन दुसरंच कुणीतरी सुरू करतं. माफी मिळाली तरी मोडलेलं सगळं सांधत नाही, हेही मी शिकले.

तर त्या शनिवारी, हातात इस्त्री घेऊन मी आजी-नातीला एवढंच म्हटलं, ‘‘आजींचं खरं आहे, देवापुढे जाताना नीटच जावं. आणि तुझंही खरं आहे, देव कपडे बघत नाही. म्हणून आपण फक्त आपले कपडे बघायचे, दुसऱ्याचे नाही. आण ती जीन्स इकडे.’’

जीन्सला कडक इस्त्री झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी तिच्या कुर्त्याची कॉलर मात्र त्यांनीच नीट केली. चर्चमध्ये लेक आमच्या बाकावर न बसता मागे गेली आणि मावशींच्या शेजारी जाऊन बसली. मावशींनी पदर सावरत तिला जागा करून दिली.