लक्ष लागत नाही : डॉक्टरकडे जावे काय?

लातूरच्या शिकवणीवर्गातला मुलगा आणि नांदेडचा रात्रपाळीचा कामगार, दोघांचीही तक्रार एकच : लक्ष लागत नाही. मुलाला आळशी म्हणतात. कामगाराच्या आरोपपत्रात ‘निष्काळजीपणा’ लिहितात; तो शब्द मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. त्यापायी नोकरी जाते, कधी यंत्रात बोटही जाते. तरी मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढताच घरचे म्हणतात, “वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?”

यंत्र फिटरला दाखविले म्हणजे भाग बदललाच, असे होत नाही. तसेच तपासणी वेगळी आणि गोळी वेगळी. डॉक्टर आधी झोप, रक्तक्षय, थायरॉइड, चिंता, खिन्नता यांची चौकशी करतात. चार तास झोपणाऱ्याला बहुधा झोपच हवी असते.

एडीएचडी हा विकार मात्र परीक्षेच्या वर्षी अचानक उगवत नाही. त्याच्या खुणा बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या असतात, आणि त्याही घरी नि शाळेत दोन्हीकडे. रक्त तपासून तो कळत नाही. माणसाची हकीकत ऐकूनच ठरवावा लागतो. म्हणून जाताना जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत, शक्य तर आईलाही न्यावे. बालपण तिच्याइतके कोणाला आठवणार?

औषधांपैकी मिथाइलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. पुष्कळांना त्याने खरोखर गुण येतो. पण भूक मंदावते, झोप उडते, नाडी व रक्तदाब वाढू शकतो. म्हणून घराण्यात हृदयविकार आहे का, हे विचारतात, ते लपवू नये. आपल्याकडे ते ‘अनुसूची एक्स’मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. मित्राकडची गोळी परीक्षेपुरती घेणारे हा बंदोबस्तच चुकवतात, आणि नाडी कोणी मोजत नाही. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध. त्याचा गुण दिसायला काही आठवडे जातात.

खर्चाची धास्ती असेल तर नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे अशी दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नुसते विचारायचे असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक केले आहे. गोळी सुचविलीच, तर डॉक्टरांना तिथेच विचारावे : फरक कशावरून ओळखायचा, पुन्हा केव्हा यायचे, आणि थांबवायची झाल्यास कशी?