विमानप्रवास आणि पायांची काळजी

हल्ली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कितीतरी घरांतील मुले परदेशी असतात. आई-वडील त्यांच्याकडे जायला निघाले की आधी दवाखान्यात येतात. "डॉक्टर, अमेरिका किती लांब हो?" हा प्रश्न ठरलेला.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण 16 तास लागतात. त्यात बदलापूरहून मोटारीने विमानतळ गाठण्याचे दोन-अडीच तास आणि तिथे तीन तास आधी पोचणे धरा. मी मात्र रुग्णांना किलोमीटर नव्हे, बसण्याचे तास मोजायला सांगतो.

पोटरीचे स्नायू हलले की पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. तासन् तास बसून राहिल्यास ते साचते आणि शिरेत त्याची गुठळी होऊ शकते. 1940 साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या वेळी आश्रयस्थानांत रात्रभर खुर्चीत बसलेल्यांमध्ये असे मृत्यू डॉक्टरांना आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो 6,000 प्रवाशांत एकाला, एवढाच असतो. म्हणून घाबरू नये, पण गाफीलही राहू नये.

दोन वर्षांपूर्वी एक काकू मुलीचे बाळंतपण उरकून परतल्या. चार दिवसांनी डावी पोटरी सुजली. प्रवासाचा शीण समजून त्यांनी आठवडाभर तेल चोळले. धाप लागली तेव्हा माझ्याकडे आल्या. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. तातडीने इस्पितळात हलवले म्हणून त्या वाचल्या.

काय करावे? तासातासाला बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. जमेल तेव्हा उठून चार पावले चालावे. शौचाला उठावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. मद्य आणि झोपेची गोळी नको. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी, गरोदर स्त्रियांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. इन्शुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे आणि वेळ बदलल्यावर ते कसे घ्यायचे, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावे.

विमानातील हवेचा दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही कमी असतो. हृदयविकार, दमा किंवा पंडुरोग असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परतल्यावर महिनाभर लक्ष ठेवा. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर चोळू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर थेट इस्पितळ गाठा. आणि नुकताच प्रवास करून आलो आहोत, हे सांगायला विसरू नका.